तिसऱ्या पंख्याची वेळ

एफ्राइन लेब्रोनचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. किनाऱ्यावरच्या आरोयो गावात त्या वेळी वीज जागेवर असे. दिवसा ती कधी जाईल याचा नेम नव्हता, आणि इंजिनाच्या संगणकात आकडे भरताना वीज गेली की संगणक मेला. पुन्हा उठत नाही. सुरुवातीला त्याच्या हातून दोन मेले. तिसरा मेला नाही.

त्या किनाऱ्यावर सगळे एकाच जातीच्या जुन्या जपानी गाडीवर शर्यती लावत. तिच्या संगणकात हजारो आकडे. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं त्यांत. कुठला आकडा कशाचा, हे बनवणाऱ्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. एफ्राइनने ते शोधायला घेतलं. एक आकडा बदलायचा, उसाच्या जुन्या रस्त्यावर गाडी पळवायची, थांबून प्लग काढायचा. पांढरा असेल तर पेट्रोल कमी, काळा असेल तर जास्त. काहीच फरक नसेल तर तो आकडा भलत्याच कशाचा. मग तो जागेवर ठेवायचा आणि पुढचा घ्यायचा. ह्यात डोकं थोडं लागतं. बाकी सगळी पाठ आणि गुडघे. सहा वर्षं गेली.

जे तयार झालं त्याला सगळे नकाशा म्हणू लागले. शर्यतवाल्यांच्या इंटरनेटवरच्या कट्ट्यावर त्याने तो फुकट ठेवला. कुणा नवख्याचं बिघडलं तर पहिल्यासारखं करता यावं, म्हणून गाडीवाल्या कंपनीचा अख्खा मूळ प्रोग्रामही शेजारी ठेवला.

आणखी एक गोष्ट केली. त्याची आई ठेकेदारासाठी घरी बसून हातरुमालांवर भरतकाम करायची. प्रत्येक रुमालात एक टाका मुद्दाम उलटा घालायची, आपलं काम ओळखू यावं म्हणून. एफ्राइनने नकाशात एका रिकाम्या जागेवर आकड्यांचा एक तक्ता असल्याचं दाखवलं आणि त्याला नाव दिलं, 'तिसऱ्या पंख्याची वेळ'. गाडीला पंखे दोनच होते.

एका शनिवारी शर्यतवाल्यांपैकी नोएल लॅपटॉप घेऊन त्याच्या गॅरेजात आला. इंजिनाचे आकडे बदलायचा अमेरिकेतल्या एका कंपनीचा प्रोग्राम त्याने विकत घेतला होता.

"एफ्रा, ह्या गाडीला तिसरा पंखा कुठाय रे? मी बॉनेट उघडून दोनदा बघितलं."

"दोनच आहेत."

"मग हे लोक येडे का?"

"नाही. घाईत होते." एफ्राइनने हात पुसले आणि पडदा स्वतःकडे वळवला. नावं त्याच्या नकाशातलीच, क्रम तोच.

रात्रीच्या भातावर त्याच्या बायकोने, मिग्दालियाने, विषय काढला. "वकिलाकडे जाणार, का आईसारखं नुसतं ओळखून गप्प बसणार?"

"तिला विचारायला कोण होतं?"

"तुला मी आहे. सोमवारी सदरा इस्त्रीचा घाल."

शेजारच्या ग्वायामा शहरातल्या वकीलबाई सोराइदांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्याची आणि कंपनीची, दोन्ही याद्या त्यांनी शेजारी शेजारी लावून बघितल्या.

"चोरी तुमचीच झालीय, लेब्रोन. त्यात शंका नाही."

"मग झालं तर."

"नाही झालं. कुठला आकडा कुठे आहे, ही खरी गोष्ट आहे. खऱ्या गोष्टीवर कुणाची मालकी नसते. शोधणाऱ्याचीसुद्धा नाही."

"सहा वर्षं घातलीत, बाई."

"कायदा घाम मोजत नाही." त्यांनी तिसऱ्या पंख्यावर बोट ठेवलं. "अख्ख्या यादीत तुमचं म्हणावं असं हेच आहे. कारण हे तुम्ही मनाने रचलंत. हे खोटं आहे."

एफ्राइनने यादी जवळ ओढून ती ओळ पुन्हा वाचली.

"ह्यावर दावा लावता येईल. पण पहिल्याच दिवशी ते विचारतील, नकाशा ठेवला होता कुठे? कट्ट्यावर. आणि शेजारी काय होतं?"

"मूळ प्रोग्राम."

"तो कुणी लिहिलेला?"

"गाडीवाल्यांनी."

"वाचून शिकलात, त्याबद्दल मी भांडले असते. पण तुम्ही तो जसाच्या तसा गावभर वाटलात; दावा लावला की ती चोरी तुमच्यावर येईल."

"पोरांच्या गाड्या मरू नयेत म्हणून."

"माहीत आहे मला," वकीलबाई म्हणाल्या. त्यांनी फी घेतली नाही. त्याचं एफ्राइनला जास्तच वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी त्याने कट्ट्यावरून दोन्ही गोष्टी काढल्या. नोएल म्हणाला, "तू काढलंस म्हणजे उरलं कुणाचं? त्यांचंच की."

तसंच झालं. गिऱ्हाइकं त्या कंपनीचं कुलूप घातलेले संगणक घेऊन येऊ लागली. कंपनीकडून विकत घेतलेला परवाना नसेल तर आत हात घालता येईना. चार महिने तो पहाटेचा उठून दुसऱ्याच्या हाताखाली जनरेटर दुरुस्त करायला गेला. वजन उचलायचं काम. कमरेला पट्टा आला.

मग एका सकाळी त्याने परवाना घेतला. अट समोर आली, हा प्रोग्राम उघडून, उकलून पाहणार नाही. त्याने ती पूर्ण वाचली आणि मान्य केली. यादी उघडली. तिसरा पंखा होता तिथेच होता.

"मिळालं का रे?" आतून मिग्दालियाने विचारलं.

"मिळालं," तो म्हणाला. "वर्षभरासाठी."

जनरेटरची सगळी मजुरी त्यात गेली.