आईचं गाणं, पॉइंट आठवर

शेगावच्या फलाटावर पुण्याची गाडी लागायची होती आणि आई माझ्या कानाशी स्टीलचा डबा खुळखुळवत होती. "ओयख बरं शितले, काय आहे?" दादा बॅगा धरून वैतागलेला, आजूबाजूचे दर्शनाला आलेले लोक बघतायत, आणि मी पहिल्या नोकरीला निघालेली. मी म्हटलं, "आई, लोक पाहून राह्यले." ती म्हणाली, "पाहू दे. ओयखल्याबिगर डबा उघडत नसते." मी शेंगदाणे म्हणून मोकळी झाले. निघाल्या लाह्या, आणि मला फसवायला तिने त्यात एक सुपारी टाकलेली. गाडी हलली तरी ही खिडकीबरोबर चालत ओरडतेय, "हारली वं, हारली!" लेक चालली म्हणून रडायचं सोडून बाई जिंकल्याच्या आनंदात!

पिंपळगाव राजात राहिलेल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्हाला हा खेळ सांगायला नको. पण माझ्यासारख्या ज्या निघून गेल्या, त्यांच्यातल्या कित्येकींना आता भुलाबाईसुद्धा आठवत नसेल. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी घरोघर फिरून गाणी म्हणायची, टिपऱ्या वाजवायच्या, आणि शेवटी त्या घरची खिरापत बंद डब्यात हलवून ओळखायची. जोवर कुणी बरोबर सांगत नाही तोवर झाकण निघत नाही. आमच्या गल्लीत आईची खिरापत कुणाला कधी पटकन ओळखता आली नाही. आणि ती गायची तर अशी घाईने, की सासू, नणंद, नवरा सगळ्यांची एका दमात टर उडवून ती टाळीवर यायची आणि आम्ही पोरी अजून मागच्याच ओळीत धापा टाकत असायचो.

पुण्यात मी आधी जीभ हळू केली. ऑफिसात पहिल्याच आठवड्यात "मले माहीत नाही" म्हटलं आणि बाजूच्या टेबलावरच्या दोघी खुदकन हसल्या. वाईट नव्हत्या बिचाऱ्या, पण मला लागलं ते लागलं. मग प्रत्येक वाक्याआधी मी मनात एकदा तपासायला लागले. 'मले'चं 'मला', 'काऊन'चं 'का'. दिवसभर विम्याचे फॉर्म तपासायचे, तसंच हे. त्याच काळात मला स्लो केलेल्या गाण्यांचा नाद लागला. ब्राउजरमध्ये एक साधी वेबसाइट आहे. गाणं ओढून टाकायचं, की दोन पट्ट्या येतात, एक वेगाची, दुसरी घुमण्याची, म्हणजे रिव्हर्बची. वेग एकवरून पॉइंट आठवर आणला, रिव्हर्ब वाढवला, की कुठलंही थिल्लर गाणं असं उदास होतं की आपलं दुःखही जरा भारदस्त वाटायला लागतं. जेवणाच्या सुट्टीत मी हेच करायची.

गेल्या कोजागिरीला वहिनीने आईचं गाणं रेकॉर्ड करून पाठवलं. टिपऱ्या, मधेच खोकला, कुणाचं तरी कुत्रं, आणि आईचा तो धावता आवाज. मी ते ऐकलं, हसले, आणि सरळ वेबसाइटवर टाकलं. पॉइंट आठ. रिव्हर्ब पार टोकाला. आई खोल विहिरीतून गात असल्यासारखी वाटायला लागली. मला ते फार सुंदर वाटलं, खोटं कशाला बोलू. खाली तिचा फोटो लावून मी ते स्टेटसला ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपळगावात गल्लीतल्या दोन बाया हात जोडून आमच्या दारात उभ्या! पोरीने आईचा फोटो लावला, वर असं रडकं गाणं, म्हणजे म्हातारीचं काही बरंवाईट झालं, असा त्यांचा समज. दार आईनेच उघडलं. मला वाटलं, तिला हसू येईल. पण तिचा फोन आला तो तापलेला. "मी एवढी रडकी कधी गायली वं? काऊन ओढलं माह्यं गाणं? भुलाबाई का मेलेल्याच्या मातीवर म्हणतेत?" मी म्हटलं, आजकाल असंच आवडतं लोकांना. "लोकायले आवडते. तुले काय आवडते?" आणि लगेच म्हणाली, "जसं गायलं तसं पाठव मले." पाठवते म्हटलं. तेव्हा कळलं की मोबाइल भरला म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी पुसून टाकलंय. एवढ्यात वहिनीचाही मोबाइल बदलला होता. आईने चारदा आठवण करून दिली, मग ती विसरली. निदान मी तसं धरून चालले.

आषाढात आईला लकवा झाला. उजवी बाजू गेली. खामगावला दवाखान्यात मी आठ दिवस होते. पाचव्या दिवशी तिने तोंड उघडलं, "शि...त...ले," आणि मी चरकले. हाच तो आवाज. हाच वेग. मला पक्कं माहीत आहे, ब्राउजरमध्ये पट्टी ओढल्याने कुणाची जीभ जड होत नाही. डॉक्टरला विचारलं असतं तर त्याने मला वेड्यात काढलं असतं. पण मनाला कोण समजावणार? रजा संपली आणि मी पुण्याला परत आले, हेही लिहून टाकते. आईचं न्हाणं, खाणं सगळं वहिनी करते, आणि मी फोन करते.

परत आल्यावर मी ते स्लो केलेलं गाणं पुन्हा वेबसाइटवर टाकलं आणि वेग वाढवला. हिशेबाने सव्वापट केला की जिथल्या तिथे यायला हवं. आलंही. टाळी टाळीच्या जागी पडली, आई पुन्हा धावायला लागली. पण विहिरीतच. घुमारा काही निघेना. दुसऱ्या वेबसाइट पाहिल्या, चारपाच गोष्टी करून पाहिल्या. वरणात पडलेलं मीठ निघत नाही, तसंच ते. वेग परत मिळतो, पण एकदा आवाजात मिसळलेला रिव्हर्ब निघत नाही. माझ्या आईचा धडधाकट आवाज या जगात कुठेच उरला नाही, आणि तो मी घालवला. एवढ्या साध्या गोष्टीसाठी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

काल संध्याकाळी वहिनीचा फोन आला. भुलाबाई बसली आहे, आणि आईने डाव्या हातात डबा धरलाय म्हणे. "घ्या, तुम्हालेच ओयखायचं आहे." मी मोबाइल कानाला घट्ट लावला. काहीच नाही. "हलवा म्हणावं," मी म्हटलं. "हलवून तं राह्यल्या! घाम आला त्याहिले." तरी काही ऐकू येईना. मग लक्षात आलं. फोनला माणसाचं बोलणं तेवढं कळतं, बाकी सगळं तो गोंगाट समजून गाळतो. पिंपळगावात माझी आई एका हाताने जीव खाऊन डबा हलवतेय, आणि माझ्यापर्यंत एक दाणाही पोचत नाही.

वहिनी हळूच कुजबुजली, "फुटाणे म्हणा, फुटाणे आहेत." म्हटलं असतं तर आई खूश झाली असती, झाकण निघालं असतं, आणि मी सकाळी ऑफिसला गेले असते. इतकी वर्षं मी असंच तर करत आले. पलीकडून आईचा आवाज आला, एकेक अक्षर उचलत, "ओ...य...ख."

घर कशाला म्हणायचं, याचं उत्तर पुण्यात मी अनेकदा छान छान शब्दांत दिलंय. आता मला एवढंच कळतं, की तिथे कुणीतरी डबा धरून बसलंय आणि तो आवाज ऐकायला माझा कान तिथेच असावा लागतो.

"आई," मी म्हटलं, आणि या वेळी वाक्य आधी तपासलं नाही, "मले काहीच आयकू नाही येऊन राह्यलं. डबा उघडू नको. मी येऊन राह्यली."