मावशींनी दाबलेलं बटण

नवीन जालन्यात एका बियाणं कंपनीच्या ऑफिसात मी नेटवर्क सांभाळतो. कंपनीची केंद्रं जिल्हाभर पसरलेली आहेत आणि प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर एक डबा असतो. त्याला गेटवे म्हणतात. तिथलं सगळं नेट त्यातूनच आत-बाहेर करतं. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला दारातून परत पाठवायचं, हे मी जालन्यात बसून काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करून ठरवतो. हेच काम माऊसनं बटणं दाबूनही करता येतं, पण तसं करणाऱ्यांना मी मनातल्या मनात जरा कमीच लेखतो. हा माझा माज आहे आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

आमच्या कामात एक रीत आहे. लांबच्या गेटवेला हात लावण्याआधी त्याला सांगून ठेवायचं, की दहा मिनिटांनी आपोआप बंद होऊन पुन्हा चालू हो. नवा बदल जतन केला नसेल, तर बंद-चालू होताना तो पुसला जातो. म्हणजे चुकून आपणच आपल्याला बाहेर कोंडून घेतलं, तरी एक चहा होईपर्यंत डबा पूर्वीसारखा होतो. काम नीट झालं तर ती आज्ञा मागे घ्यायची, बस. ही रीत मी इतरांना बजावून सांगायचो. स्वतः पाळणं केव्हाच सोडून दिलं होतं, कारण माझ्याकडून चूक होत नाही अशी माझी समजूत होती.

पेरणीच्या तोंडावरचे दिवस होते. अंबड तालुक्यातल्या केंद्रावर सकाळपासून बियाण्याच्या गाड्या भरत होत्या. अशा दिवशी गेटवेच्या वाटेला जायचं नसतं. पण बाहेरून कुणीतरी सारखं आत शिरू बघत होतं आणि मला वाटलं, दोन ओळींचं तर काम आहे. आधी जालन्याच्या ऑफिसला मुभा द्यायची, मग बाकी सगळं बंद करायचं. मी बंद करणारी ओळ आधी टाकली. एंटर मारल्याबरोबर ती लागू झाली आणि पडदा गोठला. मुभेची ओळ टाकायला मी आत उरलोच नव्हतो.

केंद्रावर फोन लावला, वीसेक मिनिटं कुणी उचलेना. बाकी सगळे गाड्यांपाशी होते, म्हणून झाडलोट आणि चहापाणी बघणाऱ्या मावशींनी शेवटी उचलला. मी त्यांना डब्याची जागा सांगितली आणि खालचं बटण बंद करून थोड्या वेळानं चालू करायला लावलं. त्यांनी तीनदा विचारून खात्री केली, मगच हात लावला. पाच मिनिटांत नेट आलं. पण तोवर अर्धा तास बिलं निघाली नव्हती, गाड्या खोळंबल्या होत्या आणि जालन्यात आमच्या मॅनेजरांपर्यंत बोंब गेली होती.

एका ड्रायव्हरनं मावशींना बटणापाशी पाहिलं होतं. पुसताना त्यांनीच डबा बंद केला, असं ठरलं. जालन्याच्या सरांनी सांगितलं म्हणून केलं, असं त्या म्हणत राहिल्या. मॅनेजरांनी मला विचारलं, नेट आधी गेलं की बटण आधी दाबलं?

“लॉग बघून सांगतो,” मी म्हणालो.

बंद-चालू झालं की त्या डब्यातला लॉग, म्हणजे कधी काय घडलं याची नोंदही, पुसला जातो, हे मला माहीत होतं. माझ्या लॅपटॉपवर मात्र ती काळी खिडकी अजून उघडी होती आणि माझी ओळ तिच्यात जशीच्या तशी दिसत होती. मी खिडकी बंद केली आणि लॉग पुसला गेलाय, काही कळत नाही, एवढंच मॅनेजरांना कळवलं. मावशी रोजंदारीवर होत्या आणि त्यांचं नाव कायम करायच्या यादीत लागलं होतं. सोमवारपासून येऊ नका, असा त्यांना निरोप गेला.

आठवडाभर मी कामात बुडून राहिलो. मग लाज अनावर झाली आणि मॅनेजरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. ते रागावतील, निदान लेखी तरी मागतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी फोनवरून नजरही नीट वर केली नाही.

“अहो, एवढंच ना? आधी सांगायचं. टेक्निकल कामात होतं असं.”

मी एवढा भ्यालो होतो, ते या तीन वाक्यांना. मावशींना परत बोलवायला त्यांनी लगेच होकार दिला. यादीतल्या जागेवर मात्र तोवर दुसऱ्या कुणाचं नाव गेलं होतं.

निरोप द्यायला मी मोटरसायकलवर स्वतः त्यांच्या गावी गेलो. मावशी कुणाच्या तरी शेतातून नुकत्याच परतल्या होत्या. चूक माझी होती, तुमच्यावर आळ मी येऊ दिला, असं मी उभ्याउभ्याच सांगितलं. यादीचंही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

“म्हंजे मह्या हातानं काही बिघडलं न्हाई ना, सर?”

नाही, म्हणालो. मी सांगितलं तसंच तुम्ही बरोबर केलं होतं.

त्यांनी घरात सुनेकडं पाहिलं. “आठ दिस झाले, दिव्याचं बटण बी म्या हिलाच दाबायला लावून राह्यले.”