दाताखालचा दाणा

आमच्या बियाणे कंपनीचं जालन्याचं युनिट बंद झालं आणि आम्ही तिघं एकदमच रिकामे झालो. मी डिस्पॅच क्लार्क, वय सत्तेचाळीस. किसन मशीन ऑपरेटर, माझ्याहून वर्षाने मोठा. आणि सुदामदादा, बावन्न! या वयात नोकरी शोधायला निघालं की नोकरी मिळायची तेव्हा मिळो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून हजर!

*

किसननं अर्जासाठी मंठ्याच्या स्टुडिओत फोटो काढला. आधी डोक्याला आणि मिशीला काळाकुळकुळीत कलप! इंटरव्ह्यूला बोलावलं दोन महिन्यांनी. तोवर सगळं पांढरं.

साहेब एकदा फोटोकडे बघतात, एकदा किसनकडे. "हा फोटोतला कोण?"

"धाकटा भाऊ समजा साहेब. कामाला दोघंबी येतो, पगार एकाचाच द्या!"

साहेब पोट धरून हसले. नोकरी काही दिली नाही.

*

मला एका खताच्या गोडाऊनवर बोलावलं. आत जातो तर खुर्चीत माझ्या मुलाचा वर्गमित्र! तो ताडकन उठला आणि पायाच पडला. मग कसला इंटरव्ह्यू! काकूंच्या गुडघ्यांची चौकशी झाली, चहा झाला. शेवटी बिचारा म्हणाला, "काका, तुमच्यावर वरडणं मला जमणार न्हाई. दुसरा माणूस बघतो."

पंधरा दिवसांनी त्याच्या लग्नाची पत्रिका मात्र बराबर घरी आली!

*

खरी काळजी होती सुदामदादांची. दादा वाटूरचे, दहावी नापास. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. कंपनीत वीस वर्षं त्यांचं एकच काम. आलेल्या मालातला दाणा दाताखाली धरायचा, 'कट्' आवाज ऐकायचा आणि ओलावा किती टक्के ते सांगायचं. "अकरा!" मागून ओलाव्याचं मीटर लावलं की अकराच! आम्हाला तेव्हा त्याचं काही वाटत नसे. आता वाटतं, रोज चमत्कार बघून आम्ही चहाला जात होतो!

पण ही विद्या अर्जात कुठे लिहिणार? तसा रकानाच नसतो.

एका ऑफिसात साहेबांनी चहाबरोबर फुटाणे ठेवले. दादांनी सवयीनं एक चावला आणि बशी सरकवली. "ओल धरलीय. लॉट वापस करा!"

सगळं ऑफिस हसलं. बाहेर आल्यावर दादा म्हणाले, "आता कुठंच न्हाई जायचं. जल्मात एवढंच आलं मला, अन् त्याचंच हसू झालं."

मला फार वाईट वाटलं. त्यानंतर दादा पंधरा दिवस घराबाहेर पडले नाहीत.

*

मग एक दिवस किसन आणि मी एका नव्या बियाणे प्लांटवर अर्ज द्यायला निघालो. दादांना अक्षरशः ओढून नेलं. ते गेटच्या आत यायलाच तयार नाहीत!

गेटजवळ सोयाबीनचा ट्रक उभा होता. लॅबच्या तरुण मॅडम वरच्या पोत्यात परखी खुपसून नमुना काढत होत्या. मीटर दहावर. "उतरवा!"

तळाच्या एका फाटक्या पोत्यातून दाणे सांडले होते. दादांनी एक उचलला आणि चावला.

"थांबा! खालचा माल ओला हाय, चौदा!"

वॉचमन धावला. "ओ बाबा, चला बाजूला!"

"काका, मीटर दहा दाखवून राह्यलंय," मॅडम म्हणाल्या.

"वरचं बराबर हाय, ताई. खालचं पोतं बघा."

मॅडमनी तळाच्या पोत्यात परखी घातली. मीटर लावलं. चौदा!

वीस वर्षं जे रोज बघितलं, त्यानं त्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

"काका, शिक्षण किती तुमचं?"

"दहावी नापास," दादा खाली बघत म्हणाले.

मॅडमनी मीटर खिशात टाकलं. खाली वाकून एक दाणा उचलला, पुसला आणि स्वतःच्या दाताखाली धरला. कट्!

"मला तर काहीच कळलं नाही, काका."

"एका दिवसात कसं कळंल? मला चार वर्षं लागल्ती."

"मग उद्या सकाळी आठला या!"