पाटलाच्या बैलांपुढं सरळ चाललेला माणूस

पोस्टकार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणजे कुणीतरी गेलं, हे मजकूर वाचायच्या आधीच कळलं. नगरला कचेरीत, टेबलावर फायली पसरलेल्या, आणि हातात ते कार्ड. "तात्या गेले. सोमवारी. या." खाली मुक्ताची, त्यांच्या लेकीची सही. आमच्या मांगवाड्यातल्या बाईमाणसानं स्वतःच्या हातानं लिहिलेलं हे पहिलं पत्र. तिला अक्षर शिकवलं ते तात्यांनीच, स्वतः जेमतेम चौथी शिकलेल्या माणसानं. कार्ड मिळेपर्यंत माती होऊन चार दिवस झाले होते...

सखाराम तात्या माझे चुलते. शेवगावच्या पलीकडं आमचं गाव. तात्यांसारखी हलगी त्या अंगाला कुणी वाजवली नाही. पोळ्याला वेशीपासून मारुतीच्या देवळापर्यंत पाटलाच्या बैलजोडीपुढं वाजवत जायचं, तेही उलटं चालत. तोंड बैलांकडे, म्हणजे पाटलाकडे. पाठ दाखवायची नाही, असा गावाचा रिवाज. मागं खड्डा असो, दगड असो, शेण असो. तीस वर्षं हा माणूस असा उलटा चालला. एकदा पडला, तर अख्खं गाव हसलं. मी तेव्हा शाळेत होतो. ते हसणं मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

मी बी.ए. झालो. वाड्यातला पहिला. अभिमान आहे, लपवत नाही. निकाल घेऊन गेलो आणि तात्यांना म्हणालो, "जाळा ती हलगी. गुलामीची खूण आहे ती." त्यांनी बिडी विझवली. "लई शिकलास रं. पन हलगीनं काय केलंय? कुनापुढं वाजवायची ते आपन चुकलो." त्याच रविवारपासून लिंबाखाली त्यांची शाळा सुरू झाली. आधी पाटी, मग हलगी. पोरांना आणि पोरींनाही. एक म्हातारी नाक मुरडून म्हणाली, "पोरीच्या जातीनं हलगी धरावी व्हय?" तात्या म्हणाले, "खडी फोडाया चालती न्हवं? मंग हलगीला काय काटं हायेत?"

गेल्या वर्षी दुष्काळ पडला. विहिरींचे तळ दिसले, बैलांच्या बरगड्या मोजता येत होत्या, तरी पाटलाचा पोळा वाजतगाजतच निघाला. तात्या नेहमीसारखे बैलांपुढं उभे राहिले, हलगीवर काडी टाकली... आणि वळले. पाठ बैलांकडे, तोंड देवळाकडे. सरळ चालू लागले. पाटलाचा भाऊ ओरडला, "ए सख्या, तोंड इकडं कर!" तात्या न वळताच म्हणाले, "वाट दिसत न्हवती, मालक. लई वर्सं झाली."

देवळाशी पोचायच्या आत काठी पडली. उजवं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी गिरणीत आमचं दळण बंद. दुष्काळी कामावर मुकादम पाटलाचा मेहुणा. त्यानं हजेरीपटावर मांगवाड्यातलं एकही नाव घेतलं नाही. नाव नाही म्हणजे मजुरी नाही आणि खायला सरकारी सुकडीही नाही. वाड्यातलेच लोक म्हणायला लागले, "जा तात्या, पाय धरा." तात्यांनी मोडका हात झोळीत अडकवला, हलगी मुक्ताच्या गळ्यात घातली आणि वाडा घेऊन तालुक्याला चालत गेले. कचेरीसमोर पोरीनं तीन दिवस हलगी बडवली. तेव्हा नावं लागली.

त्याच मोडक्या हातानं ते पुढं खडी फोडत राहिले. उन्हात घेरी येऊन पडले ते कामावरच. पाण्याची घागर दहा पावलांवर होती. आमच्या लोकांनी तिला हात लावायचा नाही, वरून पाणी वाढणारी बाई वेगळी, आणि ती घरी गेलेली. मुक्ता घागरीकडं धावली, तर मुकादम आडवा आला. "बाई यिऊ दे." बाई येईपर्यंत तात्या संपले होते. कागदावर ऊन लागून मृत्यू असं लिहिलंय. कागद खोटं बोलतो, हे सांगायला मला पदवी लागत नाही.

दहाव्याला पाटील आले. वाड्याच्या तोंडाशीच उभे राहिले, आत नाही. म्हणाले, "सख्या गुनी मानूस. तीस वर्सं वाजवलं, गावाला कदी पाठ न्हाई दावली." माणूस जाऊन दहा दिवस होत नाहीत तोवर त्याचं सरळ टाकलेलं एकुलतं एक पाऊलसुद्धा पुसून टाकायला निघाले होते! पुढं म्हणाले, "झालं गेलं सोडा. पोळ्याला आता कोन वाजवनार, बोला." हजेरीपट अजून मेहुण्याकडंच होता, आणि तो प्रत्येकाच्या डोळ्यांपुढं होता. मी, बी.ए., मनात वाक्यं जुळवत बसलो...

मुक्ता उठली. "यिऊ की, पाटील. तुमचं बैल आमच्या पाठीमागनं येनार आसतील, तर यिऊ."

पाटील निघून गेले. दुसऱ्या दिवशी कामावरून मुक्ताचं नाव कापलं.

रविवारी मी वाड्यातच होतो. लिंबाखाली पोरी जमल्या. वाटलं होतं, भीतीनं एखाददुसरीच येईल. मुक्तानं तात्यांच्या खोपटातून हलगी आणली, काडीकचरा पेटवून शेकली, बोटानं टिचकी मारून ऐकली, पुन्हा शेकली. तात्या असंच करायचे. कातडं ताणून बोलायला लागेपर्यंत घाई नाही. मग तिनं हलगी सगळ्यांत लहान पोरीच्या गळ्यात घातली. पोरगी, पोळ्याला बघितलं होतं तशी, दोन पावलं उलटी मागं सरकली. मुक्तानं तिचे खांदे धरून तिला फिरवलं.

"म्होरं बघ," म्हणाली. "आन आता वाजीव."