आत्याने न विकलेली जागा
लंडनमधल्या हॅरोच्या एका दुकानात सुक्या मासळीचा वास आला आणि मला बोर्निओतली ती नदी आठवली. नवऱ्याच्या ऑफिसमधल्या इंडोनेशियन मित्राने आम्हाला त्याच्या आत्याच्या गावी नेलं होतं. तिथे बोटीशिवाय जाता येत नसे, पण पुढेमागे रस्ता होणार, म्हणून तिची नदीकाठची जागा घेऊन ठेवावी असा आमचा विचार होता. लाकडी खांबांवरच्या घरात आत्या एकटीच राहायची. गुडघ्यांमुळे तिला शिडी चढवत नव्हती, म्हणून तिलाही विकायचंच होतं. तिने आम्हाला भात आणि भाजलेला मासा वाढला. घराखालून चहाच्या रंगाचं पाणी संथ वाहत होतं. "राहायला कधी येणार?" तिने मित्राकरवी विचारलं. "राहणार नाही, नुसती इन्व्हेस्टमेंट," नवरा म्हणाला. तिने भाताचं भांडं झाकून ठेवलं. मग म्हणाली, "मग नको. गावात मोजकीच घरं उरलीत. आणखी एक चूल विझली, तर शाळेची बोटही यायची बंद होईल." आम्ही तसेच परतलो. पुढे कळलं, तिने अर्धं घर गावात आलेल्या नर्सला राहायला दिलं, आणि शेवटचं पाणीही ती त्या नर्सच्याच हातचं प्यायली. आज मिल्टन कीन्सला आमचे दोन फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. तिथे कोण राहतं, मी कधी पाहिलेलं नाही.