मागच्या दारातली भिंत

आत्या गेल्याचं कळलं तेव्हा मी बालाघाटला बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. फोनवर आतेभाऊ अमोल होता. "आई गेली," म्हणाला, आणि लगेच पुढे, "सोमवारी मिस्त्री येऊन राह्यला. त्याले आता काय सांगू? भिंतीचं तं तिनं ठरवलंच नाही." दुसऱ्या कुणाला हे बोलणं विचित्र वाटलं असतं. मला नाही वाटलं. कित्येक महिने आमच्या घरात त्या एका भिंतीचीच चर्चा चालू होती, आणि ती भिंत होती तळहाताएवढ्या पुठ्ठ्याची.

सुमनआत्या माझ्या वडिलांची मोठी बहीण. वारासिवनीच्या आसपासच्या शाळांत तिनं जन्मभर पहिली-दुसरीची मुलं शिकवली. अमोलनं बैहरकडच्या अनिताशी लग्न केलं. आम्ही बौद्ध, ती गोंड. लग्नात फारसं काही अडलं नाही. अडलं ते नंतर. अनिताचे वडील वारले आणि तिची आई सुकरतीबाई घाटावरच्या गावात एकट्या राहिल्या. आत्याला ते सहन होईना. वारासिवनीत स्वतःच्या प्लॉटवर घर बांधायचं आणि आपण दोघी विहिणींनी त्यात राहायचं, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं. सुकरतीबाईंनी निरोप धाडला, लेकीच्या सासरी मी राहणार नाही. घर माझंही वाटलं तर बघेन. या 'बघेन'वर आत्यानं प्लायवूडचा तुकडा आणला आणि घराचं मॉडेल करायला घेतलं.

समोर आमच्या गावाकडची ओसरी, लाकडी खांब, वर कवेलू, म्हणजे कौलं. कवेलू तिनं परसातल्या मातीचे बोटावर वळून केले होते. आत गोंडांच्या घरासारखं मधोमध अंगण, जाड भिंती, त्यांवर मातीची उठावाची नक्षी. ही नक्षी अनितानं काडेपेटीच्या काडीनं काढली. एका गोष्टीवर मात्र आत्या ठाम होती. पुढचं दार, अंगण आणि मागचं दार एका रेषेत हवं. पहिल्या नोकरीत ती ज्या घरी भाड्यानं राहायची, त्या घरमालकानं तिला स्वयंपाकघरातून जाऊ दिलं नव्हतं. मागच्या विहिरीवर जायला तिनं चार पावसाळे बोळातून वळसा घातला. "माह्या घरात कोणी वळसा घालणार नाही," ती म्हणायची. "रस्त्यावरून पाह्यलं तं मागची विहीर दिसली पाह्यजे."

मॉडेल बघायला सुकरतीबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी तिथे होते. त्या कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या.

"समधन, इसमें तो मेरी मुर्गी भी नहीं समाएगी."

"कोंबडीले वेगळा बंगला बांधतो, तुम्ही या तं खरं."

दोघी हसल्या. मग सुकरतीबाईंनी मागच्या खोलीत बोट घातलं आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या घरात सगळ्यात आतली, मागची खोली म्हणजे चूल आणि पुरखे, घरात बसवलेले वाडवडील. तिथून आरपार वाट कशी जाईल? त्या खोलीत दुसऱ्या कुळाचं माणूस पाऊल ठेवत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "यहाँ से सब निकलेंगे?" आत्या म्हणाली, "हौ, सगळेच." सुकरतीबाईंनी बोट काढून घेतलं आणि दुपारच्याच बसनं परत गेल्या.

त्या रात्री मी आत्याशी भांडले. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडिलांनी मला अक्षरं शिकवली तीही मोर्च्याच्या पत्रकांवरून. घरात वेगळी चूल आणि बंद दार, हे ज्याच्याविरुद्ध आजोबा उभे राहिले तेच नाही का, असं मी तिला विचारलं. आत्या पायऱ्या चढून आल्यासारखी धापा टाकत होती, बसल्या जागी. तेव्हाच दवाखान्यात न्यायला हवं होतं, असं आता सगळेच म्हणतात. ती म्हणाली, "तुह्या पत्रकात घर नसते पोरी, रस्ता असते."

पुढच्या महिन्यात ती मला आणि अनिताला घेऊन घाटावर गेली. सुकरतीबाईंनी कोदोचा भात आणि कोंबडी रांधली होती. पाणी घ्यायला म्हणून आत्या आतल्या खोलीकडे वळली आणि सुकरतीबाईंनी दारात हात आडवा धरला. आत्या थांबली. परतीच्या बसमध्ये परसवाडा गाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मला भीती वाटत होती की आता सगळं संपलं. मागच्या सीटवरून अनिता पुढे वाकली.

"मम्मी, उस कमरे में मैं भी नहीं जाती."

"तू काहून नाही? तुह्या मायचं घर हाय ते."

"शादी के बाद मैं आपके कुल की हो गई ना. बुआ आती है तो वो भी बाहर परछी में ही बैठती है."

"मंग तुले वाईट नाही वाटत?"

"वाईट काय वाटायचं," अनिता मराठीत म्हणाली आणि हसली. "बाहेरूनच ओरडते, माँ, और चावल दे."

आत्या हसली नाही. घरी आल्यावर तिनं सुरीनं मागच्या खोलीची भिंत खरवडून काढली. आधी ती वाटेत आडवी ठेवून पाहिली, मागचं दार बंद झालं. मग उचलली, दार उघडं झालं. असं किती दिवस चाललं कोण जाणे. मी गेले की विचारायची, "सांग, कोणाले वळसा घालाले लावू?" मी माझं मत बदललं नव्हतं, आजही बदललेलं नाही. दार माणसाला अडवतं तेव्हा कारण विचारायलाच हवं. पण इथे कारण विचारलं होतं, आणि मिळालेलं उत्तर अपमानाचं नव्हतं. एवढ्यावर काय करायचं ते कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नव्हतं... आणि आत्याचा श्वास रोज थोडा अधिक अडकत होता.

तिच्या पुण्यानुमोदनाला सुकरतीबाई आल्या. वंदना झाली, जेवणं झाली, आणि त्या मॉडेलसमोर जमिनीवर बसल्या. सुटी भिंत हातात घेऊन त्यांनी मला विचारलं, "इसमें समधन को कहाँ बिठाओगे?"

मी सांगितलं, आम्ही गेलेल्या माणसाला घरात बसवत नाही. फोटो लावतो, समोरच्या भिंतीवर, बस.

"तो बात कौन करेगा उससे?"

अमोल उठून बाहेर गेला. सुकरतीबाईंनी डोकं खाली करून पुढच्या दारातून आत पाहिलं, फोटोच्या जागेवरून बघावं तसं. "सामने बैठेगी तो पीछे तक देखेगी. बीच में दीवार दूँगी तो रोज झगड़ा करेगी मुझसे." मग त्यांनी हातातली भिंत मागच्या दारात न ठेवता अंगणाच्या कोपऱ्यात उभी केली. एक लहानशी खोली झाली, तिचं दार अंगणाकडे. "पुरखों का चूल्हा यहाँ. खाना मैं सबके साथ खाऊँगी." माझ्याकडे बघून म्हणाल्या, "यहाँ तू नहीं आएगी. अनिता भी नहीं."

मी हौ म्हणाले.

कधी येणार ते मात्र त्या बोलल्या नाहीत. अनिता रोज फोन करते, तिकडून रोज 'देखते हैं'. पाया खणून झाला आहे. मिस्त्री अमोलला विचारतो कोपऱ्यातली खोली धरायची की नाही, आणि अमोल मला. परवा बैहरच्या बसनं त्यांनी धाडलेलं एक पोतं आलं. त्यात छुई होती, त्यांच्याकडची भिंत पोतारायची पांढरी माती. भिंतींचा अजून पत्ता नाही आणि पोतं येऊन मॉडेलजवळ बसलं आहे.

उन्हाळा कडक आहे. भेटायला येणारे मॉडेल ठेवलेल्या खोलीत रुमालानं वारा घेत बसतात, पण पंखा आम्ही लावत नाही. कोपऱ्यातली भिंत अजून चिकटवलेली नाही, वाऱ्यानं पडेल. आत्याही पंखा लावायची नाही. डिंकाची बाटली तिथेच ठेवली आहे. सुकरतीबाईंनी उभी केलेली भिंत त्याच येऊन चिकटवतील.