नाकाला झोंबणारे खत

दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत खारी गावाच्या मागच्या अंगाला, इमारतींच्या मध्ये, एक भाजीचा मळा अजून तग धरून होता. तो एका ख्रिस्ती बाईंचा. सगळी वस्ती त्यांना मावशी म्हणत असे. मळ्याच्या टोकाला त्यांच्या डुकरांची शेड होती. शेड धुतल्यावर मलमूत्राचे पाणी एका टाकीत साठे आणि पेरणीआधी बादल्यांनी वाफ्यांवर ओतले जाई. त्या दिवशी आमच्या इमारतीतल्या सगळ्या खिडक्या बंद असत.

माझे वडील सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्या सहीने नगरपालिकेकडे तक्रार गेली आणि आरोग्य निरीक्षक पुढच्या महिन्यातल्या खतपेरणीला पाहणीसाठी येणार असे ठरले. वास तसाच राहिला, तर डुकरे हलवावी लागणार होती. आणि डुकरे गेली की मळा पोसायला मावशींकडे दुसरे काही नव्हते.

मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि प्रकल्पासाठी विषय शोधत होते. तो माझ्या खिडकीखालीच होता. खतातला नत्र हवेत जातो कसा, हे मला मोजायचे होते.

पहिल्याच दिवशी मला एक गोष्ट खटकली. खत ओतून झाले की मावशी त्यावर चुलीची राख पसरत. राखेने वास मरतो, असे त्यांना सासूने शिकवले होते. वास मरत मात्र नव्हता. उलट डोळ्यांत पाणी येई. त्याचेही मावशींना समाधानच वाटे. जितके झोंबेल तितका खताला जोर, हा त्यांचा हिशेब. तक्रार झाल्यापासून त्या राख आणखी जास्त टाकू लागल्या होत्या, म्हणजे वास मारायचा उपाय करून दर खेपेला वास वाढवत होत्या.

कारण साधे आहे. पातळ खतातला बराचसा नत्र अमोनियमच्या रूपात विरघळलेला असतो. राख आम्लारिधर्मी, म्हणजे आम्लाच्या नेमकी उलट. ती मिसळली की अमोनियमचा अमोनिया वायू होतो आणि हवेत निघून जातो. ऊन आणि वारा त्याला घाई करतात. पण ही गोष्ट मावशींना सांगून पटणार नव्हती. ती दाखवावी लागणार होती.

मी वाफ्याचे तीन तुकडे आखून घेतले. एकावर नुसते खत, एकावर खत आणि राख, तिसऱ्यावर खत ओतून लगेच मातीचा थर. प्रत्येकावर प्लास्टिकचा टब उपडा घातला आणि आत सौम्य आम्लाची बशी ठेवली, म्हणजे उडालेला अमोनिया तिच्यात अडकेल. बशीतले आम्ल बाटल्यांत भरून कॉलेजात नेले आणि अनुमापन करून त्यात किती अमोनिया अडकला ते मोजले. सर्वाधिक अमोनिया राखेखालून आला होता. मातीखालून आला तो नावापुरता. उत्तर मला आधीपासून माहीत होते. तरीही ब्युरेटवरचे ते आकडे वाचताना झालेला आनंद मी लपवला नाही.

मावशींनी माझे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तू कालेजात शिकतेस का माज्या डुकरांत?"

"दोन्हीकडे," मी म्हटले. "पण मावशी, जे तुमच्या नाकात गेलं, ते भाजीच्या पानात कसं जाणार?"

मावशींनी हातातले राखेचे घमेले चुलीपाशी नेऊन ठेवले.

घरी वडिलांनी मला सुनावले, की पोरीला एवढे शिकवले ते डुकरांची वकिली करायला नव्हे. मी वकिली करत नव्हते, मोजमाप करत होते, आणि तसे त्यांना सांगितलेही. ते आणखी चिडले.

पाहणीच्या दिवशी मावशींनी ऊन उतरल्यावर खत ओतले. एक वाफा भिजला की लगेच त्यावर माती ओढायची आणि मगच पुढच्याकडे जायचे, असा क्रम आम्ही ठरवला होता. सगळे आवरल्यावर निरीक्षक आणि वडील आले. दोघे वाफ्यांमधून शेडपर्यंत गेले आणि परत आले. शेडजवळ डुकरांचा वास होताच, पण डोळे झोंबवणारा तो दर्प कुठे नव्हता. निरीक्षकांनी जरा वैतागून विचारले, खत टाकणार तरी केव्हा?

"टाकलं," मावशी म्हणाल्या. "तुमच्या पायाखाली हाय."

निरीक्षकांनी वाकून माती उकरली, बोट हुंगले आणि हे कोणी सुचवले ते विचारले. मावशींनी हनुवटीनेच वडिलांकडे खूण केली. "सेक्रेटरीच्या पोरीनं."

वडिलांनी एकदा माझ्याकडे पाहिले, मग निरीक्षकांकडे, आणि तक्रार मागे घेत असल्याचे तिथेच सांगितले. आवाज अगदी कचेरीतला, पण मान ताठ झालेली मला दिसली.

डुकरे राहिली, मळाही राहिला. पुढच्या सर्वसाधारण सभेत वडिलांनी माझे संशोधन स्वतःच समजावून सांगायला घेतले. राख आम्लधर्मी असते, असे ते ठणकावून म्हणाले. मी मागच्या रांगेतून उठले आणि सगळ्यांसमोर ते दुरुस्त केले.